आईची अर्धी गोळी आणि माझे उंदीर

माझ्या आयुष्यातला एकमेव शोध मी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत लावला आणि तो नाताळच्या आत बुडाला. त्यात जगाचं काहीच नुकसान झालं नाही. नुकसान झालं ते माझ्या आईच्या गुडघ्यांचं, आणि ते मी केलं. ही हकीकत मी आजवर चारचौघांत विनोद म्हणून सांगत आलो आहे, पण शेवटचा भाग गाळून. इथे गाळणार नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधं तपासून देणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. प्राणिशास्त्रात एमएस्सी, वय चोवीस, अंगावर पांढरा एप्रन आणि खिशाला तीन पेनं, ज्यांतलं एकच चालायचं. वाशीहून कंपनीची बस यायची. पावणे गावाजवळ आलो की सगळे न बोलता खिडक्या लावून घ्यायचे, कारण तिथल्या प्रत्येक कारखान्याचा वास वेगळा होता आणि एकही चांगला नव्हता. मी मात्र खिडकी उघडी ठेवायचो. केमिकलच्या वासाला घाबरणारा माणूस शास्त्रज्ञ कसला, असं मला वाटायचं. शेजारी बसणाऱ्यांना काय वाटायचं ते त्यांनी मला एकदा स्पष्ट सांगितलं.

आमच्याकडे तेव्हा एका साध्या वेदनाशामक गोळीचं काम आलं होतं. नाव सांगत नाही. तुमच्याही घरात, बहुतेक फ्रिजवरच्या डब्यात, ती आत्ता असेल. डोकं दुखलं, दाढ दुखली, कणकण वाटली की आपण जी गोळी डॉक्टरला न विचारता घेतो, ती हीच. प्रश्न असा होता की ही गोळी पेशीतल्या जनुकांमध्ये काही मोडतोड करते का. म्हणून ती काही उंदरांना द्यायची, काहींना ती गोळी ज्यात कालवतात ते नुसतं डिंकाचं पाणी द्यायचं आणि फक्त दोन उंदरांना कॅन्सरवरचं एक जहाल औषध द्यायचं, जे अशी मोडतोड नक्की करतं. मग उंदरांच्या मांडीच्या हाडातला मगज काचेच्या पट्टीवर पसरायचा, त्याला जांभळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. जनुकांची मोडतोड झाली असेल तर पेशीच्या पोटात एक बारीक गडद ठिपका दिसतो. एका उंदरामागे हजार पेशी बघायच्या आणि ठिपकेवाल्या किती ते लिहायचं. हे माझं काम.

उंदीर सांभाळायला घणसोली गावातले एक काका होते. आधी मिठागरावर काम केलेले, आता पिंजरे धुवायचे. उंदराला ते असे धरत की तो त्यांच्या मुठीत झोपी जाईल की काय असं वाटावं. मी धरला की तो आधी मला चावायचा आणि मग पळायचा. पहिल्या महिन्यात माझ्या दहापैकी सहा बोटांना पट्ट्या होत्या. घरी आई विचारायची तेव्हा मी सांगायचो, काच लागली. मगज काढेपर्यंत काकांनी त्या प्रत्येक उंदराला रोज पाहिलं होतं.

आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. कमी बोलायच्या. खूश असल्या की मला 'तू' म्हणायच्या आणि चिडल्या की 'तुम्ही'. त्यांनी स्लाइडवर फक्त नंबर घातले होते. कुठल्या नंबरच्या उंदराने काय प्यायलं आहे, ते एका पाकिटात बंद करून त्यांच्या कपाटात होतं. मोजणाऱ्याला आधीच ठाऊक असलं तर त्याचे डोळे त्याला हवं तेच बघतात, असं त्यांनी मला समजावलं. मी मान हलवली. माझे डोळे तसले नाहीत, याची मला खात्री होती.

मग खंडेनवमी आली. कंपनीत त्या दिवशी बॉयलरपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना हार, हळद-कुंकू आणि माणसांना पेढे मिळायचे. मी त्या काळात कडक बुद्धिवादी होतो. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, समोर ऐकणारे चार जण असले की मी कडक बुद्धिवादी असायचो. सूक्ष्मदर्शक म्हणजे काय बैल आहे का, त्याला ओवाळायला, असं मी आदल्या दिवशी कँटीनमध्ये म्हणालो होतो आणि दोघे हसलेही होते. मॅडमनी वेगळ्या कारणाने तेच सांगितलं. स्लाइडच्या खोलीत फूल, उदबत्ती, हळद-कुंकू काहीही न्यायचं नाही, हार बाहेर दाराच्या कडीला अडकवा.

आता माझी अडचण अशी होती की सकाळी निघताना आईने कुंकवाची पुडी हातात दिली होती. "तुझ्या त्या दुर्बिणीला लाव," म्हणाली. दुर्बीण नव्हे, सूक्ष्मदर्शक, मी म्हणालो. "तेच ते. तुझ्या पोटाला देते ना?" असं म्हणून ती आत गेली. वडील गेल्यावर ती रत्नागिरीकडचं घर बंद करून माझ्याकडे आली होती आणि माझ्या नोकरीवर तिची माझ्यापेक्षा जास्त श्रद्धा होती.

दुपारी सगळे पेढ्यांसाठी कँटीनमध्ये गेले. मी स्लाइडच्या खोलीत एकटा आणि खिशात पुडी. मी दार लोटलं आणि सूक्ष्मदर्शकाला एक बोट लावलं. मग वाटलं, हा एकटाच काम करतो असं थोडंच आहे. स्लाइडला द्यायचा जांभळा रंग मी गाळणकागदातून गाळून एका तपकिरी बाटलीत भरत असे आणि त्या बाटलीतून स्लाइडवर ओतत असे. त्या बाटलीच्या गळ्याला मी बोट ओलं करून चांगला ठसठशीत टिळा लावला, आणि आईने दिलेलं परत न्यायचं नाही म्हणून उरलेलं कुंकू बुचाभोवती फिरवलं. डोळे मिटून हातही जोडले. बाहेर पावलं वाजली तसं सूक्ष्मदर्शकावरचं कुंकू घाईने रुमालाने पुसलं. बाटली कपाटात ठेवली. ती कोण बघणार? पेढे खायला गेलो आणि तिथे अंधश्रद्धेवर आणखी दोन वाक्यं बोललो.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी स्लाइड रंगवायला आणि मोजायला बसलो. पहिल्याच स्लाइडमध्ये ठिपके. दुसरीत ठिपके. एवढे ठिपके साध्यासुध्या औषधाने येत नाहीत, असं पुस्तकात होतं. जसजसे नंबर पुढे गेले तसतसे ठिपके कमी होत गेले, इतके शिस्तीत कमी होत गेले की मी आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले आणि पट्टी न लावता सरळ रेघ आली. मॅडमनी नंबर क्रमाने दिले असणार, पहिले नंबर जास्त डोसवाले, मधले मध्यम, शेवटचे डिंकाच्या पाण्याचे, हे मी स्वतःच ठरवून टाकलं. पुढे शेवटाकडच्या दोन स्लाइड मध्येच ठिपक्यांनी गच्च भरलेल्या निघाल्या, त्या माझ्या रेघेत बसेनात. त्यांच्यापुढे मी 'अपवाद' असं लिहिलं. एवढ्या मोठ्या शोधात दोन अपवाद चालतात.

मॅडमना मी काही बोललो नाही. पाकीट उघडायच्या दिवशी त्यांना चकित करायचं होतं. पण पोटात कुठे राहणार? आमच्या इमारतीखालच्या केमिस्टकडे मी ब्लेड घ्यायला गेलो आणि त्या गोळीच्या बरणीकडे बघून सूचक हसलो. तो म्हणाला, काय साहेब? मी म्हणालो, काही नाही, थोडे दिवस थांबा. तो बिचारा पुढचे कित्येक दिवस मला बघितलं की गल्ल्यामागून विचारायचा, साहेब, टेन्शन तर नाही ना?

आईला मात्र मी सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात चकल्या पाडायला बसली होती. उठताना एक हात भिंतीला आणि एक मांडीवर, असं उठायची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि पाण्याला दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायची सवय नव्हती. सकाळच्या बादल्या मी आणायचो, दुपारच्या ती. त्या गोळीची अर्धी सकाळी आणि अर्धी संध्याकाळी, एवढ्यावर तिचे दोन्ही गुडघे चालत होते. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि म्हणालो, ही गोळी आजपासून बंद. पाव तास मी पेशी, जनुकं आणि पुढच्या पिढ्या यांवर बोललो. आईच्या पुढच्या पिढीत मी एकटाच आणि तोही जन्मून चोवीस वर्षं झालेला, हे माझ्या लक्षात आलं नाही. कुणाला बोलू नकोस, कंपनीचं गुपित आहे, असंही बजावलं. मग कपाटातला डबा काढून गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

"एवढी वाईट आहे?" तिने विचारलं.

मी म्हणालो, फार वाईट.

"तू म्हणतोस ना, मग झालं." असं म्हणून तिने पुढची चकली पाडली.

त्या दिवाळीनंतर आई जिना आडवी उतरायला लागली. खेकड्यासारखी, कठड्याला दोन्ही हात धरून, एकेक पायरी. मध्ये कुणी भेटलं की बोलत उभी राहायची, म्हणजे थांबलेलं दिसू नये. संध्याकाळी मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधायची आणि शेकायची. मी कामावर हे सहज बोललो तर काकांनी दुसऱ्या दिवशी पिशवीभर जाडं मीठ आणून दिलं. मग म्हणाले, त्यापेक्षा म्हातारीला आपल्या उंदरांची गोळी का देत नाय? मी चार बाजूंना बघून, आवाज खाली करून सांगितलं की तीच तर घातक आहे. काकांनी हातातला पिंजरा खाली ठेवला.

"सायब," ते म्हणाले, "त्ये उंदीर शेवटपरतर ठनठनीत व्हते. गोलीवाले बी आनि पानीवाले बी. मी रोज हातात धरलेत."

मी त्यांना समजावलं की ही मोडतोड वरून दिसत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. काका बरं म्हणाले. अशिक्षित माणसाला समजावण्याचं समाधान मला दिवसभर पुरलं.

आता गाळलेला भाग. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे खुपसून बसलं की चार वाजेपर्यंत कपाळावर कुणी हातोडी मारतंय असं व्हायचं. कंपनीच्या प्रथमोपचाराच्या पेटीत गोळ्या होत्या. त्याच. मी एक घ्यायचो, कधी दोन, आणि बाकीची पट्टी पॅंटच्या खिशात टाकायचो; संपली तरी ती तिथेच राहायची. माझ्याकडे कारणं तयार होती. मी तरुण आहे, मला डोस कळतो, आणि माझंच डोकं दुखत राहिलं तर हा शोध पुरा कोण करणार? आई घरी मीठ शेकत होती आणि मी तिची गोळी खाऊन तिच्या गोळीवर बंदी घालणारा आलेख काढत होतो. तेव्हा मला यात काही विचित्र वाटलं नाही, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो.

डिसेंबरात मोजणी संपली. मी आलेख इस्त्रीच्या शर्टाच्या खोक्यातून न चुरगळता नेला. मॅडमनी पाकीट फोडलं आणि माझे आकडे एकेका नंबरसमोर लिहायला घेतले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. नंबर एक, सर्वांत जास्त ठिपके: डिंकाचं पाणी. नंबर दोन: गोळी. नंबर तीन: डिंकाचं पाणी. नंबर तर त्यांनी चिठ्ठ्या टाकून दिले होते. डिंकाचं पाणी प्यायलेले उंदीर माझ्या रेघेवर वरपासून खालपर्यंत सगळीकडे सांडले होते. आणि ते दोन 'अपवाद' कॅन्सरच्या औषधाचे निघाले. अख्ख्या ढिगात तेवढेच खरे ठिपके होते आणि तेवढेच मी खोडले होते.

मॅडमनी कुठली स्लाइड कधी रंगवली त्याची वही मागितली आणि आकड्यांसमोर तारखा लिहिल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त आणि मग दिवसागणिक कमी. दसऱ्याला काय झालं होतं?" मी आठवल्यासारखं केलं. त्या उठल्या, स्लाइडच्या खोलीत गेल्या, कपाटातून तपकिरी बाटली काढली आणि बुचाखालून कापसाचा बोळा फिरवला. बोळा लाल झाला. नंतर त्यांनी माझी पहिली स्लाइड लावली आणि बारीक चक्र फिरवून मला बघायला सांगितलं. पेशी स्पष्ट दिसत होती तेव्हा ठिपका अंधूक होता आणि ठिपका स्पष्ट झाला की पेशी अंधूक. म्हणजे तो पेशीच्या पोटात नव्हताच, वर बसलेला कुंकवाचा कण होता; रंग ओतताना बाटलीच्या गळ्यावरून ते रोज स्लाइडवर उतरत होतं आणि रोज थोडं थोडं संपत होतं. हे चक्र मी दोन महिने फिरवत होतो. फक्त जिथे ठिपका छान दिसेल तिथे थांबत होतो.

"हे तुम्ही लावलंत?" मॅडमनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी बोळा टाकून दिला. मग म्हणाल्या, कँटीनमध्ये तर वेगळंच ऐकलं होतं. एवढंच बोलल्या, आणि त्यापेक्षा त्यांनी मला कामावरून काढलं असतं तरी चाललं असतं.

काढलं नाही. प्रत्येक उंदराच्या दोन जादा स्लाइड त्यांनी रंग न देता ठेवायला लावल्या होत्या. त्या करताना मी भरपूर कुरकुर केली होती. आता नवी बाटली आणून त्या रंगवल्या आणि मॅडमनी माझ्या शेजारी बसून मोजल्या. गोळीच्या उंदरांत आणि डिंकाच्या पाण्याच्या उंदरांत काही फरक नव्हता. आमच्या त्या एका तपासणीपुरतं तरी, काकांच्या हातांना जे कळलं होतं तेच खरं निघालं.

लाल बोळा पाहिला त्याच संध्याकाळी मी आईला सांगायला हवं होतं. मी आठ दिवस लावले. पक्कं होऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला म्हणत होतो. दोन महिन्यांपूर्वी गोळ्या कचऱ्यात टाकताना मला पक्कं होण्याची गरज वाटली नव्हती. खरं कारण एवढंच की आईच्या नजरेत मी शास्त्रज्ञ होतो आणि दुसऱ्या कुणाच्या नजरेत नव्हतो. त्या आठ दिवसांत ती रोज दुपारच्या बादल्या घेऊन जिना चढली. ते आठ दिवस मला आजही पचलेले नाहीत.

नवव्या दिवशी बसमधून उतरून मी केमिस्टकडे गेलो आणि खाली मान घालून तीच गोळी मागितली. त्याने पट्टी दिली, सुटे दिले आणि म्हणाला, म्हणजे आता चालेल ना साहेब? मी हो म्हणालो.

दिवेलागणीची वेळ होती. आई वेताच्या मोड्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी पट्टी ताटलीच्या शेजारी ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. गोळी चांगली आहे, चूक माझी झाली. कशी झाली, तिने विचारलं. बाटलीत कचरा गेला होता, मी म्हणालो. तिच्या कुंकवाला कचरा म्हणायची वेळ आली, तरी कुंकू हा शब्द तोंडातून निघेना.

"बघून काम करावं रे," ती म्हणाली. पट्टीला तिने हात लावला नव्हता. माझ्याकडे बघत होती. "मग आता तुला काय होणार नाय ना?"

मला काय होणार? मला समजेना. ती उठली, एक हात भिंतीला, एक मांडीवर, आणि देवाच्या मागून एक डबा काढून आणला. आत रिकाम्या पट्ट्या होत्या. माझ्या पॅंटी धुताना सापडलेल्या, एकेक सरळ करून रचून ठेवलेल्या. केवढ्या होत्या त्या. मी मोजल्या नाहीत.

"मला वाटलं, तू सोतावर करून बघतोयस," ती म्हणाली. "उंदरांवर भागत नसेल तर."

विचारलं का नाहीस, मी म्हणालो.

"कंपनीचं गुपित म्हणाला होतास ना. म्हटलं, आपण विचारून तुझं अवघड करायला नको. रोज सकाळी तू उठलास की तुझं तोंड बघायची, बरा दिसतोय का."

दोन महिने ती माझ्या सांगण्यावरून गोळी सोडून स्वतःचे गुडघे सोसत होती आणि वर माझ्या जिवाची काळजी करत होती. त्या क्षणी खोटं बोलायची इतकी चांगली संधी मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. हो म्हणालो असतो तर मी त्या घरात कायमचा थोर झालो असतो. तोंड उघडलंही होतं. पण ती अजून भिंतीला धरून उभी होती.

मी म्हणालो, नाही गं आई. माझं डोकं दुखायचं, म्हणून घेत होतो.

ती ओरडेल असं वाटलं. मला ते हवंही होतं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि हळूच मोड्यावर टेकली.

"मग सांगायचंस ना," ती म्हणाली. "मी डोक्याला तेल घातलं असतं."

मग तिने पट्टीतून एक गोळी काढली, नखाने मधोमध तोडली, अर्धी पाण्याबरोबर घेतली आणि उरलेली अर्धी सकाळसाठी कागदात बांधून ठेवली.